उगारलेला हात

साखरताईचं खरं नाव काय, असं त्या वृद्धाश्रमात कुणाला विचारलं असतं तर चार जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले असते. तिला सगळे साखरताईच म्हणत. तिचा आवाजच तसा होता. नव्वदीच्या म्हाताऱ्याला ती "उठायचं ना आता, राजा?" असं म्हणायची, आणि एरवी शिव्या दिल्याशिवाय कुणाला उत्तर न देणारा तो म्हातारा निमूट पाय पलंगाखाली सोडायचा. कुणी औषध थुंकायला लागलं, कुणी अंघोळीला चालेना, की बाकीच्या आया म्हणायच्या, "साखरताईला बोलवा." मग ती पदराआड हसू लपवल्यासारखी यायची, दोन गोड शब्द बोलायची आणि काम फत्ते करून जायची.

इमारत दुमजली होती. लांबलचक व्हरांडा, भिंतींना कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट, दोन्ही बाजूंना लोखंडी पलंगांचे वॉर्ड, मागच्या अंगणात चादरी वाळत घालायच्या तारा. फिनेलचा वास तिथल्या माणसांच्या कपड्यांतून घरापर्यंत जायचा. साखरताईचा नवरा बसगाड्या दुरुस्त करायच्या गॅरेजात होता. तो म्हणायचा, "आपल्या घरात एकाला ग्रीसचा वास आणि एकाला फिनेलचा. चोर आला तर नाक धरून पळेल."

रविवारी दोघं चर्चला जात. साखरताई गायनमंडळात वरच्या पट्टीत गायची. कुणी आजारी असलं की मंडळीतल्या बायका तिला प्रार्थनेला घेऊन जात, कारण तिच्यासारखी प्रार्थना कुणाला जमत नसे. प्रार्थनेत ती पापांची क्षमाही मागायची, रोज, न चुकता, पण ओळखीचं माणूस रस्त्यात भेटलं की आपण "बरं आहे ना?" विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो, तशी. पाप म्हणजे वर्तमानपत्रात छापून येतं ते. खून, दरोडे, अफरातफर. तिची स्वतःची पापं म्हणाल तर, कधी कामाला झालेला उशीर, कधी कुणाची केलेली चुगली, एका हातरुमालात बांधून नेता आली असती.

बाई आल्या त्या हिवाळ्याच्या तोंडाशी. त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता, त्यामुळे आल्या दिवसापासून सगळे त्यांना बाईच म्हणायला लागले. स्मरणशक्ती पार गेली होती. जेवणाची खोली त्यांना वर्ग वाटायची आणि हातातला चमचा खडू. "मागच्या बाकावरचे, उभे राहा!" असं त्या ओरडल्या की मागच्या टेबलावरचे दोघं-तिघं म्हातारे खरोखरच उभे राहायचे. सगळा आश्रम त्यांच्यावर खूश होता.

पहिल्या दिवशी साखरताई त्यांना भरवायला बसली. वाटी हातात घेऊन म्हणाली, "चला, माझी सोनुली ती, आऽऽ करायचं."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे निरखून पाहिलं. मग स्पष्ट, वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "किती नाटकी बोलतेस गं तू!"

सगळा वॉर्ड हसला. साखरताईही हसली. घरी जाऊन नवऱ्यालाही तिनं हे हसत हसत सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा म्हणाल्या, "आली नाटकी." तिसऱ्या दिवशीही तेच. बाईंना सकाळचा नाश्ता दुपारी आठवत नसे, स्वतःच्या लेकीला त्या कधी बहीण समजायच्या, कधी शाळेची शिपाईण. पण साखरताई दिसली की हा एक शब्द कुठून तरी अचूक वर यायचा. ती जितकी गोड बोलायची तितका तो लवकर यायचा. साखरताई वरवर हसायची, पण दातात कुसळ अडकावं तसं ते तिला दिवसभर सलायचं. जीभ सारखी तिथेच जायची. एवढ्या लोकांना मी आवडते, आणि हिलाच काय झालंय? आपण एवढं करायचं आणि हिनं असं बोलायचं?

एका दुपारी दोन आया तापानं आडव्या झाल्या होत्या आणि त्यांचं काम उरलेल्यांच्या अंगावर पडलं होतं. बाईंची चादर बदलायची म्हणून पलंगाभोवतीचा पडदा ओढलेला होता. चादर झाली, साखरताई सूप भरवायला बसली. बाईंनी पहिला घोट तोंडात धरून ठेवला. "गिळा ना, माझं बाळ," साखरताई म्हणाली. बाईंनी तो घोट सगळाच्या सगळा तिच्या तोंडावर थुंकला, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "आता तरी खरं तोंड दाखव."

साखरताईनं त्यांच्या थोबाडीत मारली.

चष्मा उडून उशीवर पडला. बाई ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. आपण काय केलं हे न कळलेली लहान मुलगी बघते तशा तिच्याकडे बघत राहिल्या. आणि मग त्यांनी तोंड उघडलं. साखरताईनं चमचा भरला, तोंडात घातला. बाईंनी गिळलं. पुन्हा तोंड उघडलं. त्या दिवशी बाईंनी वाटी तळापर्यंत संपवली.

संध्याकाळी मेट्रनबाई फेरीवर आल्या. त्या आश्रमाच्या मुख्य, कडक पण कामाच्या बोज्याखाली वाकलेल्या. बाईंच्या गालाकडे बघून म्हणाल्या, "हे लाल कसलं?"

"चष्मा घालून तशाच कलंडल्या होत्या, मॅडम. काडी रुतली," साखरताई म्हणाली. खोटं बोलायला तिला काहीच कष्ट पडले नाहीत. ते तिच्या नेहमीच्या गोड आवाजातच बाहेर आलं.

"तू लक्ष ठेवतेस म्हणून बरं," म्हणत मेट्रनबाई पुढच्या पलंगाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंना काहीही आठवत नव्हतं. साखरताईनं घाबरत घाबरत पडदा सारला, तर बाई प्रसन्न. "आज फळ्यावर कुणी लिहिलं नाही?" असं विचारू लागल्या. साखरताईच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिनं कंगवा उचलला, केस विंचरायला हात पुढे नेला, आणि बाईंनी मान खांद्यात ओढून घेतली. डोळे घट्ट मिटले. चेहरा आकसला. कशाची भीती वाटते हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. डोक्यातून गेलेलं अंगानं मात्र धरून ठेवलं होतं.

तेव्हाच ती थांबली असती तर गोष्ट कदाचित तिथेच संपली असती. पण त्याच दुपारी बाई भरवून घेईनात, आणि साखरताईनं कपाळावर आलेली बट मागे सारायला हात वर केला. स्वतःच्या कपाळावरची बट. बाईंनी चटकन तोंड उघडलं. पहिल्या वेळी तो खरंच बटेसाठी उचललेला हात होता. दुसऱ्या वेळी मात्र बट जागच्या जागी होती, आणि तिला ते ठाऊक होतं.

त्यानंतर काम सोपं झालं. बाई वेळेवर खायच्या, वेळेवर औषध घ्यायच्या. "नाटकी" हा शब्द बंद झाला. हात थोडासा, खांद्याइतका वर गेला तरी पुरायचा. बाकीच्या आया म्हणाल्या, "बघा, शेवटी बाईंनाही साखर लागलीच." आणि साखरताईनं हे कौतुक घेतलं. रविवारी बाईंची लेक भेटायला यायची. एकटी राहणारी, दिवसभर ऑफिसात राबणारी पोक्त बाई होती ती. आईला आपल्या घरी ठेवता येत नाही याची बोच तिच्या चेहऱ्यावर कायमची बसलेली. ती साखरताईचे हात हातात घेऊन म्हणाली, "आई माझ्याकडेसुद्धा अशी शांत नव्हती हो. तुमच्यामुळे मी सुखानं झोपते." तिनं स्वतः विणलेला लोकरीचा स्कार्फ साखरताईला दिला. साखरताईनं तोही घेतला. पुढच्या रविवारी गळ्याभोवती गुंडाळून चर्चला गेली आणि वरच्या पट्टीत गायली.

असे किती आठवडे गेले असते कोण जाणे. तिची एक पद्धत होती. ज्या म्हाताऱ्यांची हरकत नसे त्यांच्या उशाशी उभं राहून ती दुपारी छोटी प्रार्थना करायची, डोक्यावर हात ठेवून. बाईंच्या पलंगाशी ती बरेच दिवस थांबली नव्हती. त्या दिवशी शेजारच्या पलंगावरची आजी म्हणाली, "अगं, बाईंसाठी नाही करत का कधी? त्यांनी काय घोडं मारलंय?" मग साखरताई तिथे गेली. डोळे मिटले, "हे दयाळू पित्या" म्हणाली, आणि आशीर्वादासाठी हात उचलला.

"नको! नको!" बाईंचा आवाज आला. तिनं डोळे उघडले. बाईंनी दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे धरले होते. "मी खाते. सगळं खाते. मी खाते."

समोर वाटीही नव्हती, चमचाही नव्हता. नुसती प्रार्थना होती.

शेजारची आजी म्हणाली, "भ्रमिष्ट झाली बिचारी." साखरताई तिथून निघाली ती थेट अंगणात गेली आणि वाळत घातलेल्या ओल्या चादरींच्या मधोमध उभी राहिली. प्रार्थनेचं पुढचं वाक्य तिला येईना. आयुष्यात पहिल्यांदा येईना.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. म्हणजे थोडं सांगितलं. "आज एका आजींवर हात उठला माझा. म्हणजे मागेच, एकदा." तो हात पुसत होता. त्यानं तिचा उतरलेला चेहरा पाहिला आणि मायेनं म्हणाला, "अगं, इंजीनसुद्धा तापतं. तू तर माणूस आहेस. होऊन जातं हातून. आणि त्या आजींना आठवतंय का तरी?"

"नाही."

"मग? ज्याला लागलं त्याला आठवत नाही, आणि तू कशाला उगाळत बसतेस?"

त्याचं बोलणं तिनं एखाद्या गोळीसारखं घेतलं. जेवण होईपर्यंत गुण आला, सकाळी कंगवा हातात घेतला आणि उतरला.

शनिवारी दुपारी ती चर्चमध्ये गेली. म्हातारे पाळक एकटेच होते, उद्या गायच्या गीतांच्या क्रमांकाचे आकडे भिंतीवरच्या फळीत सरकवत होते. एका कानानं त्यांना बिलकूल ऐकू येत नसे आणि दुसऱ्यानं लहर लागेल तसं. खिडकीबाहेर माळी कुंपण कापत होता, कात्रीचा कचकच आवाज येत होता.

"पाळकसाहेब, माझ्या हातून जरा एक झालंय," ती हळू आवाजात म्हणाली.

"काय झालंय?"

"कामाच्या गडबडीत एका आजींना थोडं लागलं."

"मोठ्यानं बोल मुली, हा कान गेलाय माझा."

"एका आजींना लागलं! माझ्या हातून!"

"पडल्या का त्या?"

"नाही, पडल्या नाहीत."

"मग लागलं कसं?"

"हात लागला."

"भात लागला?"

दुसरी वेळ असती तर तिला हसू आलं असतं. पण तिच्या आत काहीतरी तुटलं आणि ती त्या रिकाम्या चर्चमध्ये ओरडली, "मी मारलं! मी त्यांच्या थोबाडीत मारली! मी!"

बाहेरची कात्री थांबली. पाळकांनी हातातला आकडा बाकावर ठेवला, खिडकी लावून घेतली आणि तिच्या शेजारी, चांगला कान तिच्याकडे करून बसले. ती वाट बघत राहिली. आता ते म्हणतील, थकली होतीस, देव समजून घेतो. ते म्हणाले, "पुढे?"

"पुढे काय?"

"एकदा मारून माणूस एवढं ओरडत नाही. पुढे काय केलंस?"

मग तिनं सांगितलं. सूप, चष्मा, मेट्रनबाईंना सांगितलेलं खोटं, आकसणं, बट, उगारलेला हात. स्कार्फ. सगळ्यात शेवटी, आवाज पार बसल्यावर, जे तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं ते. "आणि मारल्यावर मला बरं वाटलं होतं, पाळकसाहेब. क्षणभर. खूप बरं वाटलं होतं."

पाळक म्हणाले, "हे लहान नाही."

तिनं मान हलवली.

"तुझा नवरा तुझ्यावर माया करतो म्हणून त्यानं ते हलकं केलं. माणसं करतात तसं. चूक झाली की आपण एकमेकांना माफ करून टाकतो, चहा पिता पिता करतो, आणि ते ठीकच आहे. पण तू जे सांगितलंस ते चहाच्या कपाबरोबर मिटणारं नाही. जिला बोलता येत नाही, सांगता येत नाही, तिला तू भीती शिकवलीस. आणि त्या भीतीवर स्वतःचं नाव चांगलं ठेवलंस. असल्याच गोष्टींसाठी आपला प्रभू क्रुसावर गेला, मुली. कामाला उशीर होण्यासाठी नाही, आणि नुसत्या चुगलीसाठीसुद्धा नाही. याच्यासाठी. तू आधी जे सांगत होतीस ना, थोडं लागलं, हातून झालं, ते इतकंसं होतं की तुझं तूच परत घेऊन गेली असतीस. त्याच्यापाशी ठेवायला तुझ्याकडे काही उरलंच नसतं."

"मग तो मला क्षमा करील?"

"त्यानं काय करायचं ते कधीच करून ठेवलंय. तू आज पहिल्यांदा घ्यायला आलीस."

त्यांनी प्रार्थना केली नाही, तिलाच करायला सांगितली. तिला गोड आवाज लावता आला नाही. घोगऱ्या, ओबडधोबड आवाजात ती दोन-तीन वाक्यं बोलली आणि रडत बसली. निघताना पाळकांनी एवढंच विचारलं, "त्या बाईंना कुणी आहे?"

"लेक आहे."

"हं," ते म्हणाले, आणि पुन्हा आकडे सरकवायला उठले.

दुसऱ्या दिवशी ती चर्चला गेली नाही. भेटीच्या खोलीत, जिथे भिंतीला टेकून खुर्च्यांची रांग होती, ती बाईंच्या लेकीची वाट बघत बसली. मांडीवर धुऊन घडी केलेला स्कार्फ. लेक आली, हसली. "अहो, आज इथे कशा बसलात?"

साखरताईनं उभी राहून सांगितलं. आदल्या दिवशीसारखंच, काही न गाळता. तिला वाटलं होतं लेक ओरडेल. लेक ओरडली नाही. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला, जणू ते कुणाला परत द्यायचं तिला समजत नव्हतं. मग ती म्हणाली, "मी ऑफिसात सगळ्यांना सांगायचे. माझ्या आईला देवमाणूस मिळालंय म्हणून." मग पुन्हा, "मी सुखानं झोपत होते हो. ती इथे हात बघून तोंड उघडत होती आणि मी झोपत होते."

"मला क्षमा करा म्हणायलाही—"

"नका म्हणू. आत्ता नका म्हणू." स्कार्फ तिनं घेतला नाही. ती तडक मेट्रनबाईंच्या खोलीत गेली.

मेट्रनबाई साखरताईवर भडकल्या, पण ज्या गोष्टीसाठी भडकायला हवं त्यासाठी नाही. "तुला कुणी विचारलं होतं का? मला येऊन सांगायचं होतंस, मी तुझी वॉर्डातून बदली केली असती, विषय संपला असता. आता ती बाई वर तक्रार करणार. सगळ्या आश्रमाचं नाव खराब!" साखरताई खाली मान घालून म्हणाली, "तुम्हालाही मी खोटं सांगितलं होतं, मॅडम. काडी रुतली नव्हती."

चौकशी झाली. साखरताईला कामावरून काढलं नाही, पण वॉर्ड सुटला. तिला तळघरातल्या धुलाईखोलीत टाकलं. तिथे घाणेरड्या चादरींचे ढीग, मोठी मशीनं आणि सोड्याची वाफ. वर तिच्याबद्दल दोन तट पडले. एक म्हणायचा, ढोंगी निघाली. दुसरा म्हणायचा, आता पापाचंसुद्धा प्रदर्शन मांडलंय, हिला काहीही करून देवाघरची पुढची खुर्ची हवी. मंडळीतल्या बायकांनी तिला आजाऱ्यांकडे नेणं बंद केलं. नवरा दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, "मी तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का, कुणाला बोलू नकोस म्हणून?"

"नसतं ऐकलं."

"मग बरं झालं मी सांगायला आलो नाही," तो म्हणाला, आणि त्यानं तिच्या ताटात वाढलं.

तिला वाटलं होतं, सगळं सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. धुलाईखोलीत ती दिवसचे दिवस मुकाट काम करायची आणि आत नुसती पोकळी असायची. प्रार्थनेला शब्द यायचे नाहीत. कितीदा तरी ती ओल्या चादरीचं टोक हातात धरून तशीच उभी राहायची. त्या चादरींतली एखादी बाईंची असेल, हे तिला माहीत असायचं. तिनं गोड बोलायचं ठरवून सोडलं असं नाही, आवाजच गेला. मशीनच्या घरघरीत गोड बोलून कुणाला ऐकू जाणार? साधा, थोडा खरखरीत असा एक आवाज तिच्या तोंडून यायला लागला, आणि हा आपलाच आहे हे तिला हळूहळू पटलं. नवऱ्याच्या ते आधी लक्षात आलं. "तू हल्ली रागावतेस तेव्हा नीट रागावतेस," तो म्हणाला. "आधी साखर लावून रागवायचीस. मला दोन दिवसांनी कळायचं."

चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला ती कित्येक महिने पुढे गेली नाही. बाकावर बसून राहायची. एका रविवारी पाळक भाकर मोडत असताना तिच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं आपण तिथे शहाण्या मुलीनं बक्षीस घ्यायला जावं तसं जात होतो. आज बक्षिसाचा प्रश्नच नव्हता. भूक मात्र होती, पोटात कळ यावी इतकी. ती उठली. हात पुढे करताना तिला स्वतःचा उजवा तळवा दिसला, ज्यानं मारलं होतं तोच, आणि म्हाताऱ्या पाळकांनी त्यावरच भाकरीचा तुकडा ठेवला. ती जागेवर आली तेव्हा ढग फाटले नव्हते, काही नाही. पण ती भाकर आपल्यालाच दिलेली होती, चुकून दिलेली नव्हती, आपण कोण हे नीट माहीत असूनच दिलेली होती, एवढं तिला त्या दिवशी कळलं. त्या रात्री ती गाढ झोपली.

बाईंची तब्येत उतरत चालली होती. एका दुपारी त्यांची लेक धुलाईखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. वाफेनं तिचा चष्मा पांढरा झाला होता. तो पुसत ती म्हणाली, "आई जेमतेम घोटभर घेते. तुम्ही वर याल का, थोडा वेळ?"

"मी? तुम्ही मला—" साखरताई म्हणाली.

"माझ्या मनातून गेलेलं नाही," लेक म्हणाली. "खोटं कशाला बोलू. पण तुम्ही काय केलंत ते मला तुमच्याकडून कळलं. बाकी इथे माझ्या आईशी कोण काय करतं, ते मला कोणीच सांगत नाही. मी मेट्रनबाईंना सांगितलंय, ह्याच हव्यात. मी समोर बसेन."

ती समोर बसली. साखरताई पलंगाजवळ गेली आणि उभी न राहता खाली जमिनीवर गुडघ्यांवर बसली, म्हणजे बाईंना वर बघावं लागू नये. दोन्ही हात उताणे करून तिनं पलंगाच्या कडेला ठेवले आणि वाट बघितली. बाईंनी त्या हातांकडे पाहिलं, मान आकसली, मग हळूच सैल सोडली. "बाई, मी सूप आणलंय. घेणार का?" तिनं साध्या आवाजात विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या.

"बरं," म्हणून तिनं वाटी खाली ठेवली. बाईंच्या तोंडून नकार ऐकून तिचे डोळे भरून आले. किती महिन्यांनी बाईंनी तिला न घाबरता नको म्हटलं होतं.

पुढे ती रोज वर यायची. कधी बाई चार घोट घ्यायच्या, कधी नाही. हात कुठलाही, कितीही हळू वर गेला तरी त्यांची मान आकसायची. ते कमी झालं, पण पूर्ण कधीच गेलं नाही. ते जावं असं साखरताईनं देवाकडे पुष्कळदा मागितलं. पाळकांना तिनं विचारलं, "क्षमा झाली तर हे का राहिलं?" त्यांनी चांगला कान तिच्याकडे करून ऐकलं आणि म्हणाले, "मला माहीत नाही." मग म्हणाले, "तू ते बघतेस, तोंड फिरवत नाहीस. आधी फिरवलं असतंस."

बाई गेल्या त्या एका सकाळी, झोपेतच. लेकीनं तिला बोलावलं. दोघींनी मिळून त्यांचं अंग ओल्या फडक्यानं पुसलं, केस विंचरले, स्वच्छ गाऊन घातला. आता मान आकसत नव्हती. साखरताईचा हात कंगव्यासकट तिथेच थांबला आणि ती ढसाढसा रडली. लेकीनं तिच्या हातातून कंगवा घेतला, उरलेले केस स्वतः विंचरले, आणि मग तिच्या पाठीवर हात ठेवला.

साखरताई पुन्हा वॉर्डात आहे, मेट्रनबाईंनीच तिला परत घेतलं. आता तिला साखरताई म्हणणारे थोडे राहिलेत, नवे लोक नुसतं ताई म्हणतात. नुकताच एक म्हातारा आलाय, निवृत्त बसचालक, जो भरवणाऱ्याच्या अंगावर पाणी ओततो आणि अर्वाच्य बोलतो. परवा त्यानं भरलेला पेला तिच्या डोक्यावर रिकामा केला. तिनं वाटी ठेवली, चार पावलं मागे सरली आणि व्हरांड्यात जाऊन तिथे उभ्या असलेल्या नव्या आयेला म्हणाली, "तू जा आत. मला आत्ता राग आलाय. माझा हात उठेल."

ती नवीन आया चकित होऊन बघत राहिली. "तुमचा? ताई, तुमचा हात उठेल?"

"हो, माझाच," ती म्हणाली. केसांतलं पाणी निपटत ती भिंतीला टेकून उभी राहिली, डोळे मिटले, ओठ हलले. थोड्या वेळानं पदरानं तोंड पुसून पुन्हा आत गेली.